हिंवतापाचें कोडें सोडविणारे सर रोनाल्ड रॉस

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या बालवीर पथकाचें शिबिर एका तळ्याच्या कांठीं भरलें होतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. जागा मोठी रमणीय होती. सामान हलकें व्हावें म्हणून मच्छरदाण्या शाळेंतच ठेवाव्या, अशी मुलांनीं सूचना केली आणि आम्हींही फारसा विचार न करतां तिला संमति दिली. सायंकाळीं कडुलिंबाचा पाला जाळून धूर केला म्हणजे पुरे, अशी आमची समजूत होती. धूर होता तोंवर डांस दूर राहिले. मध्यरात्रीं शेकोटी विझली, आणि पहांटेपर्यंत कोणासही धड झोंप लागली नाहीं. सकाळीं एकमेकांचीं सुजलेलीं तोंडें पाहून मुलें हंसलीं, व आम्हीही हंसलों. परंतु घरीं परतल्यावर पंधरवड्याच्या सुमारास त्यांपैकीं एका मुलास हुडहुडी भरून ताप आला, आणि रक्त तपासतां तो हिंवताप ठरला. औषधोपचारानें मुलगा बरा झाला, हें आमचें भाग्य. आम्ही त्यास पाहण्यास गेलों असतां त्याच्या आईनें आम्हांस मोठ्या आदरानें बसविलें, चहा दिला, आणि घरीं जो मुलगा मच्छरदाणीवांचून कधीं निजत नाहीं त्यास शिबिरांत तसें कां निजूं दिलें, एवढेंच हळूच विचारलें. ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

ज्या गोष्टीचें ज्ञान मनुष्यजातीस नव्हतें त्या काळीं अशी चूक क्षम्य होती. परंतु तें ज्ञान होऊन आतां सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तें कोणीं, कोठें व केवढ्या कष्टानें मिळविलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस कळलें तर मच्छरदाणी त्यांस ओझें वाटणार नाहीं, ह्या हेतूनें आम्ही सर रोनाल्ड रॉस ह्यांचें अल्प चरित्र येथें सादर करीत आहों.

रोनाल्ड रॉस ह्यांचा जन्म ता. १३ मे १८५७ रोजीं कुमाऊंच्या डोंगरांतील अलमोडा येथें झाला. मीरतेस शिपायांनीं उठाव करून तेव्हां अवघे तीन दिवस झाले होते. त्यांचे वडील हिंदुस्थानांतील इंग्रजी सैन्यांत अधिकारी होते, आणि दहा भावंडांत रोनाल्ड हे सर्वांत वडील. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांतील रिवाजाप्रमाणें आठव्या वर्षीं त्यांस शिक्षणासाठीं विलायतेस आप्तांकडे पाठविण्यांत आलें. मुलाची बुद्धि तरतरीत होती; पण ती वैद्यकाकडे मुळींच वळत नव्हती. चित्रें काढावीं, कविता कराव्या, संगीतांत रमावें, गणिताचीं कोडीं सोडवावीं, हीच त्यांची आवड. वडिलांची इच्छा मात्र अशी कीं, मुलानें डॉक्टर होऊन हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय खात्यांत शिरावें. वडिलांच्या आज्ञेस मान देऊन १८७४ सालीं रॉस लंडनच्या सेंट बार्थालोम्यू इस्पितळाच्या विद्यालयांत दाखल झाले. परंतु मन अभ्यासांत नसल्यामुळें जें व्हावयाचें तेंच झालें. दोन परीक्षांपैकीं एकींत ते उत्तीर्ण झाले व दुसरींत नापास झाले. कांहीं काळ आगबोटीवर डॉक्टरची नोकरी करून त्यांनीं अटलांटिक महासागराच्या फेऱ्या केल्या, पुन्हां परीक्षा दिली, आणि १८८१ सालीं एकदांचा त्यांचा हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यांत प्रवेश झाला. एका परीक्षेच्या अपयशानें ज्यांचें मन खचतें अशा आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पहिलीं वर्षें मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणीं फिरतीवर गेलीं. हातीं काम थोडें आणि फावला वेळ पुष्कळ. त्यांत त्यांनीं काव्य व कादंबरीलेखन केलें. १८८३ सालीं बंगलोर येथें असतां मात्र एक बारीकशी गोष्ट घडली. त्यांच्या बंगल्यांत इतरांच्या बंगल्यांपेक्षां डांस फार झाले होते. शोध करतां त्यांच्या खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपांत असंख्य वळवळणाऱ्या अळ्या आढळल्या. त्यांनीं तें पिंप उपडें केलें, आणि थोड्याच दिवसांत घरांतील डांस जवळजवळ नाहींसे झाले. तोच उपाय अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत करावा असें त्यांनीं तेथील व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यास सुचविलें. पण सृष्टिक्रमांत ढवळाढवळ करणें बरें नव्हे असें म्हणून त्या गृहस्थानें तो नाकारला. डांस साचलेल्या पाण्यांत उपजतात, तें पाणी ओतून दिलें कीं डांसांचा वंश खुंटतो, एवढें साधें तत्त्व रॉस ह्यांच्या मनांत त्या दिवशीं रुजलें. मात्र डांसांचा हिंवतापाशीं कांहीं संबंध असेल, हें त्या वेळीं त्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

हिंवताप हा तेव्हां दलदलींतून उठणाऱ्या दूषित हवेनें होतो असा सर्वत्र समज होता. मलेरिया ह्या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं दूषित हवा असा आहे. १८८० सालीं आल्जीरिया देशांत लाव्हरां नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरास रोग्याच्या रक्तांत ह्या तापाचे सूक्ष्म जंतु दिसले. तरीही ते जंतु एका मनुष्याच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत जातात कसे, हें कोडें तसेंच राहिलें. रॉस ह्यांस तर लाव्हरां ह्यांचे जंतु कितीही शोधले तरी सांपडत ना, म्हणून ते मुळांत आहेतच कीं नाहींत अशी त्यांस शंका होती. १८९४ सालीं ते रजेवर लंडनास गेले असतां डॉ. पॅट्रिक मॅन्सन ह्यांनीं त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ते जंतु प्रत्यक्ष दाखविले. मॅन्सन ह्यांनीं पूर्वीं चीन देशांत असतां हत्तीरोगाचे कृमि डांसाच्या शरीरांत वाढतात असें शोधून काढलें होतें. त्यावरून हिंवतापाचा वाहकही डांसच असावा असा त्यांचा तर्क होता. तो खरा कीं खोटा, हें हिंदुस्थानांत जाऊन पाहण्याचें काम त्यांनीं रॉस ह्यांच्या अंगावर टाकलें. वयाच्या अडतिसाव्या वर्षीं रॉस ह्यांस आपल्या आयुष्याचें कार्य अशा रीतीनें सांपडलें.

१८९५ सालीं ते मुंबईस उतरले, आणि सामान सोडवून घेण्यापूर्वींच इस्पितळांत जाऊन हिंवतापाचे रोगी शोधूं लागले. तेथून त्यांची नेमणूक सिकंदराबादेस झाली. पुढील दोन वर्षांचा इतिहास हा बहुतेक निराशेचाच इतिहास आहे. डांसांच्या जाति अनेक. त्यांपैकीं कोणती तपासावी हें ठाऊक नाहीं. जंतु डांसाच्या शरीरांत कोठें व कोणत्या रूपानें असेल हेंही ठाऊक नाहीं. शिवाय मॅन्सन ह्यांचा असा समज होता कीं, डांस पाण्यांत मरून पडतो व तें पाणी पिणारास ताप येतो. ह्या चुकीच्या वाटेनेंही रॉस ह्यांस बरेंच चालावें लागलें. मध्येंच पटकीची सांथ आली म्हणून बंगलोरास बदली झाली व काम खोळंबलें. १८९७ च्या उन्हाळ्यांत निलगिरींतील सिगूर घाट ह्या तापट जागीं ते शोधासाठीं गेले, तेव्हां त्यांस स्वतःलाच हिंवतापानें गांठलें. पण तेथेंच त्यांस भिंतीवर शेपटाकडील भाग वर करून बसणारा, पंखांवर ठिपके असलेला एक निराळ्या जातीचा डांस प्रथम दिसला. हाच तो पुढें अ‍ॅनॉफिलीस ह्या नांवानें प्रसिद्ध झालेला डांस होय.

त्याच वर्षीं सिकंदराबादेस परत आल्यावर त्यांनीं अळ्या जमवून ह्या जातीचे डांस पाळले. हुसेन खान नांवाचा हिंवतापाचा एक रोगी होता. त्यास मच्छरदाणींत निजवून आंत डांस सोडावयाचे, आणि जितके डांस त्याचें रक्त पितील तितके आणे त्यास द्यावयाचे, असा ठराव झाला. मनुष्यजातीवरील ह्या महान् उपकारांत आठ आणे घेऊन आपलें रक्त देणाऱ्या त्या गरीब मनुष्याचाही वांटा आहे, हें विसरणें योग्य होणार नाहीं.

ऑगस्ट महिन्याचा उकाडा असह्य होता. परंतु पंखा सुरू केला तर कापलेले डांस उडून जात, म्हणून पंखा बंद. घामानें सूक्ष्मदर्शक यंत्राच्या खिळ्यांस गंज चढलेला, आणि शेवटची उरलेली नेत्रकांच तडकलेली. अशा स्थितींत रॉस एकेका डांसाचा कण अन् कण तपाशीत बसत. ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं, हुसेन खानाचें रक्त चार दिवसांपूर्वीं प्यालेल्या डांसांपैकीं एकाच्या जठराच्या भिंतींत त्यांस कांहीं गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत काळे कण होते. तसे काळे कण हिंवतापाच्या जंतूंवांचून दुसरीकडे आढळत नाहींत, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं आणखी एक डांस तपासला. त्यांतील पेशी एका दिवसानें अधिक वाढलेल्या दिसल्या. म्हणजे रोग्याच्या रक्तांतला जंतु डांसाच्या पोटांत जिवंत राहून वाढतो, हें सिद्ध झालें. त्या रात्रीं ह्या कविमनाच्या डॉक्टरानें आपल्या पत्नीस उद्देशून आनंदाची कविता लिहिली. जगभर २० ऑगस्ट हा दिवस अजूनही डांसदिन म्हणून ओळखला जातो.

अर्धें कोडें सुटलें, तोंच सरकारी हुकुमानें रॉस ह्यांची बदली राजपुतान्यांतील खेरवाडा येथें झाली. तेथें हिंवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच. हातांतोंडाशीं आलेला घांस असा दूर जावा, ह्यापरतें दुसरें दुःख संशोधकास तें कोणतें? मॅन्सन ह्यांनीं विलायतेंत खटपट केल्यावर १८९८ च्या आरंभीं त्यांस कलकत्त्यास नेमण्यांत आलें. पण त्या सुमारास प्लेगच्या भीतीनें लोक इतके धास्तावले होते कीं, बोटांतून रक्ताचा थेंब देण्यासही कोणी तयार होईना. रॉस स्वस्थ बसले नाहींत. मनुष्य मिळत नाहीं तर पक्षी पाहूं, असें म्हणून त्यांनीं चिमण्या, कावळे वगैरे पक्ष्यांस होणाऱ्या तशाच तापाचा अभ्यास सुरू केला. ह्या कामीं महंमद बक्ष व किशोरीमोहन बंद्योपाध्याय हे देशी साहाय्यक त्यांस लाभले. जंतु डांसाच्या जठरांतून निघून त्याच्या लाळेच्या पिंडांत कसा जाऊन बसतो, हें जुलै १८९८ मध्यें त्यांनीं पाहिलें. आणि असे डांस निरोगी चिमण्यांस चाववून त्यांस तो ताप येतो हेंही दाखवून दिलें. डांस रक्त पितांना प्रथम आपली लाळ आंत सोडतो. त्या लाळेबरोबर जंतु शरीरांत शिरतो. पाण्याच्या द्वारें नव्हे, हवेच्या द्वारें नव्हे, तर डांसाच्या दंशानें हा रोग पसरतो, असें कोडें अखेर उलगडलें.

येथें एक गोष्ट प्रांजलपणें सांगितली पाहिजे. मनुष्याच्या बाबतींत हीच गोष्ट १८९८ च्या अखेरीस ग्रासी, बिन्यामी व बास्तियानेली ह्या इटालियन विद्वानांनीं अ‍ॅनॉफिलीस डांस घेऊन पूर्णपणें सिद्ध केली. पहिला मान कोणाचा, ह्यावरून रॉस व ग्रासी ह्यांचा जो कलह जुंपला तो पुढें कधींच मिटला नाहीं, आणि त्यांत रॉस ह्यांची लेखणी फार कडवट झाली. मानापमानाच्या बाबतींत ते फार हळवे होते. सरकारानें आपल्या कामाचें चीज केलें नाहीं ही तक्रार त्यांनीं जन्मभर केली. थोर पुरुषांचे दोष झांकून ठेवावे असें आम्हांस वाटत नाहीं. शोध मोठा असला तरी वाद मोठाच असावा लागतो असें नाहीं, हाही एक धडाच आहे.

शिबिराच्या दृष्टीनें आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग १९०० सालीं मॅन्सन ह्यांच्या प्रेरणेनें झाला. रोम शहराजवळील दलदलीचा प्रदेश हिंवतापासाठीं कुप्रसिद्ध होता. तेथें ऑस्तिया गांवाजवळ लांकडाची एक झोंपडी उभारून तिच्या खिडक्यांस व दारांस बारीक तारेची जाळी बसविण्यांत आली. डॉ. सँबॉन व डॉ. लो हे दोघे आपल्या सोबत्यांसह जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तापाच्या ऐन मोसमांत, तेथें राहिले. दिवसा ते मोकळेपणें हिंडत, पावसांत भिजत, तीच हवा घेत. क्विनीन त्यांनीं घेतलें नाहीं. नियम एकच: सूर्य मावळण्यापूर्वीं जाळीच्या आंत यावयाचें, व सूर्य उगवल्यावर बाहेर पडावयाचें. आसपासचे लोक तापानें पडत असतां झोंपडींतल्या एकासही हिंवताप झाला नाहीं. त्याच वर्षीं रोमहून रोगवाहक डांस लंडनास आणविण्यांत आले. मॅन्सन ह्यांच्या तरुण मुलानें आपण होऊन ते स्वतःस चावूं दिले, आणि जेथें हिंवताप नाहीं त्या लंडन शहरांत त्यास हिंवताप आला. दूषित हवेच्या जुन्या कल्पनेस मूठमाती देण्यास ह्याहून अधिक पुरावा तो काय पाहिजे?

रॉस हे १८९९ सालीं हिंदुस्थान सोडून लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधांतील रोगांच्या विद्यालयांत शिक्षक झाले. १९०२ सालीं वैद्यकांतील नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें, व १९११ सालीं सर ही पदवी मिळाली. परंतु शोध लागला म्हणजे काम संपलें, असें त्यांनीं कधींच मानलें नाहीं. बंगलोरच्या पिंपाचा धडा घेऊन ते देशोदेशीं फिरले. डबकीं बुजवा, गटारें वाहतीं करा, फुटकीं भांडीं उचला, जें पाणी काढतां येत नाहीं त्यावर तेल टाका, असा त्यांचा उपदेश असे. पश्चिम आफ्रिकेंतील फ्रीटाऊन, सुएझ कालव्यावरील इस्मायलिया, मॉरिशस बेट, अशा ठिकाणीं त्यांनीं हें काम केलें वा सुचविलें; आणि इस्मायलिया गांवांत तर थोड्याच वर्षांत हिंवताप जवळजवळ निपटून गेला. त्यांची बाळपणींची गणिताची आवडही येथें उपयोगी पडली. एखाद्या गांवांतला प्रत्येक डांस मारण्याची गरज नाहीं. त्यांची संख्या विवक्षित मर्यादेच्या खालीं आणली कीं रोग आपोआप ओसरतो, हें त्यांनीं १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत गणितानें दाखविलें. सांथींचा गणिती अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही त्याच पायावर इमारत रचीत आहेत. ता. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं लंडन येथें, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, सर रोनाल्ड रॉस ह्यांनीं देह ठेविला.

त्यांचें कार्य मात्र अजून पुरें झालेलें नाहीं. २०२३ सालीं जगांत हिंवतापानें सुमारें ६ लाख माणसें मेलीं, आणि त्यांतील बहुतेक आफ्रिकेंतील लहान मुलें होतीं. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या रोगावरील दुसऱ्या एका लसीची शिफारस केली. ती लस ऑक्सफर्ड येथें शोधिली गेली असून आपल्या पुण्यांत तयार होते, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस अभिमान वाटेल. परंतु लस, औषध, फवारणी ह्या सर्वांबरोबर मच्छरदाणीचें महत्त्व आजही कायम आहे. तिला डांसनाशक औषध लाविलेलें असलें तर ती दुप्पट उपयोगी.

म्हणून पुढील शिबिरासाठीं आम्हीं कांहीं नियम ठरविले आहेत. तंबू तळें, ओढा व भातशेतें ह्यांपासून शक्य तितके दूर ठोकावे. प्रत्येक मुलाच्या सामानांत मच्छरदाणी असलीच पाहिजे. ती नसेल तर मुलगा शिबिरास येणार नाहीं. निघण्यापूर्वीं ती उजेडांत धरून भोकें शिवून घ्यावीं. हिंवतापाचा डांस तिन्हीसांजेपासून पहांटेपर्यंत चावतो, ह्यास्तव सूर्यास्तापूर्वीं मच्छरदाणी बांधून तिच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचाव्या. आणि निजतांना हातपाय तिला टेकूं देऊं नयेत, कारण डांस जाळींतून सोंड घालण्यास चुकत नाहीं. दिवस मावळल्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी, व उघड्या अंगास डांस दूर ठेवणारें मलम लावावें. धुरानें डांस थोडा वेळ दूर राहतात. पण धूर हा पहारेकरी झोंपाळू असतो, हें आम्ही अनुभवानें शिकलों आहों. बादल्या व घागरी झांकून वा उपड्या ठेवाव्या. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो, म्हणून दुपारींही बेसावध राहूं नये. आणि शिबिराहून परतल्यावर महिन्याभरांत कोणास ताप आला तर काढा घेऊन बसूं नये. ताबडतोब रक्त तपासून घ्यावें, आणि आपण शिबिरास गेलों होतों हें डॉक्टरास सांगावें.

हे नियम आम्हीं लिहून त्या मुलाच्या आईस दाखविले. तिनें ते शेवटपर्यंत वाचले, आणि पुढच्या शिबिरास मुलास पाठविण्याचें कबूल केलें. ह्या वेळीं मच्छरदाण्या मोजून घेण्याचें काम त्याच मुलाकडे सोंपविलें आहे.